रुमानियातील ज्यूंचा संहार (१९४०–४४)

दुसऱ्या महायुद्धात योन आंतोनेस्कू याच्या हुकूमशाहीत रुमानियाचे लष्कर, जांदार्म हे सशस्त्र पोलीस दल आणि मुलकी प्रशासन यांनी केलेला ज्यूंचा छळ, हद्दपारी व कत्तल. रुमानियाच्या ताब्यातील मुलखात या काळात २,८०,००० ते ३,८०,००० रुमानियन व युक्रेनियन ज्यू मृत्यू पावले, असे २००४ साली एका आंतरराष्ट्रीय आयोगाने नोंदवले. जर्मनी वगळता एवढ्या ज्यूंच्या मृत्यूला जबाबदार असलेले दुसरे राज्य नाही. यातली बहुतेक माणसे रुमानियाने जर्मनांच्या हवाली केलेली नव्हती. आदेश बुखारेस्टहून निघाले, सह्या रुमानियन होत्या आणि बहुतेक ठिकाणी बंदुकाही. पुढे साठ वर्षे नाकारली गेली ती नेमकी हीच गोष्ट, म्हणून ती आरंभीच सांगितली पाहिजे.

१९३०च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ७,५७,००० ज्यू राहत होते. ज्यूद्वेष आंतोनेस्कूच्या आधीपासून कायद्यात शिरला होता. जानेवारी १९३८मध्ये गोगा–कुझा सरकारने ज्यूंचे नागरिकत्व पुन्हा तपासण्याचा हुकूम काढला आणि त्यापायी सव्वादोन लाखांच्या आसपास लोकांचे नागरिकत्व गेले. १९४०च्या उन्हाळ्यात बेसराबिया व उत्तर बुकोविना सोव्हिएत संघाला, तर उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीला द्यावे लागले. या मानहानीचे खापर ज्यूंवर फुटले. सप्टेंबर १९४०मध्ये राजा कारोल दुसरा याला गादी सोडावी लागली आणि ‘कंडुकातोर’ म्हणजे नेता हे बिरुद घेऊन आंतोनेस्कू सत्तेवर आला. लोहरक्षक दल या फॅसिस्ट संघटनेला त्याने आधी सत्तेत वाटा दिला. जानेवारी १९४१मध्ये त्या दलाने बंड केले, तेव्हा ते मोडून काढले. बंडाच्या तीन दिवसांत बुखारेस्टमध्ये सव्वाशेच्या आसपास ज्यू मारले गेले, त्यांतले काही शहराच्या कत्तलखान्यात. दल गेले, पण ज्यूविरोधी धोरण कायम राहिले. शाळा बंद, नोकऱ्या बंद, घरे सरकारजमा, पुरुषांना वेठबिगारी. घरातले रेडिओ आणि अंगावरचे कपडेसुद्धा द्यावे लागत.

२२ जून १९४१ रोजी रुमानिया जर्मनीच्या बाजूने सोव्हिएत संघाविरुद्ध युद्धात उतरला. त्याच आठवड्यात सरहद्दीजवळच्या याश शहरात पहिला मोठा संहार झाला. याशच्या वस्तीत ज्यूंचे प्रमाण मोठे होते. यिडिश भाषेतल्या व्यावसायिक रंगभूमीचा जन्म १८७६मध्ये इथल्याच एका बागेत झाला. ज्यू लोक शत्रूच्या विमानांना खुणा करतात, अशी आवई उठवण्यात आली. याश ज्यूंपासून ‘साफ’ करण्याचा आदेश आंतोनेस्कूने शहराच्या सेनाप्रमुखाला फोनवरून दिला होता. रविवार, २९ जूनला हजारो ज्यूंना घराघरातून ओढून पोलीस मुख्यालयाच्या आवारात आणले आणि तिथे गोळीबार झाला. मारणाऱ्यांत सैनिक होते, पोलीस होते, जर्मन तुकड्या होत्या आणि शेजारपाजारचे नागरिकही होते.

जे वाचले त्यांना मालगाड्यांत कोंबले. डब्यांची दारे व झरोके बंद करून गाड्या भर उन्हात चालवल्या. एक गाडी जेमतेम २० किलोमीटरवरच्या पोदु इलोआयेइ गावी गेली. त्यासाठी तिने आठ तास घेतले. सुमारे १,९०० जणांपैकी जवळपास १,२०० गुदमरून आणि तहानेने मेले. गाडी कुठे पोचवायची होती, हा प्रश्नच नव्हता. डबे हेच मारण्याचे साधन होते. दुसरी गाडी देशाच्या दक्षिण टोकाला, कलराश इथे निघाली. ती सहा-सात दिवस फिरत राहिली, वाटेत प्रेते उतरवत. सुमारे अडीच हजारांपैकी हजाराच्या आसपास लोक जिवंत पोचले. वाटेत रोमान स्थानकावर स्थानिक रेडक्रॉसच्या अध्यक्ष व्हियोरिका अगारिच यांनी कण्हण्याचे आवाज ऐकले आणि पहाऱ्याला न जुमानता डबे उघडायला लावून पाणी दिले. त्यापायी त्यांना पुढे गावात राहणे अशक्य झाले. याशमधील मृतांचा आकडा १३,०००च्या वर धरला जातो.

बेसराबिया आणि बुकोविना परत मिळताच तिथले ज्यू ‘सोव्हिएतांचे हस्तक’ ठरले. पहिल्या काही आठवड्यांतच ४५,००० ते ६०,००० जण मारले गेले. उरलेल्यांना नीस्टर नदीपलीकडे पायी हाकलण्यात आले. वाटेत चालू न शकणाऱ्याला गोळी घालायची, असा हुकूम होता. काही मार्गांवर तर दर दहा किलोमीटरला खड्डे आधीच खणून ठेवले होते. नीस्टर आणि बुग या नद्यांमधल्या या व्यापलेल्या पट्ट्याला ट्रान्सनिस्ट्रिया असे नाव देऊन गेओर्गे आलेक्सियानु याला तिथला गव्हर्नर नेमले. इथे विषारी वायूच्या कोठड्या नव्हत्या. डुकरांचे गोठे आणि पडक्या इमारती यांत माणसे ठेवून दिली आणि थंडी, भूक व टायफस (उवांमुळे पसरणारा ताप) यांनी पुढचे काम केले. हद्दपार झालेल्यांपैकी १,०५,००० ते १,२०,००० जण परतले नाहीत. कवी पॉल सेलान यांच्या आईवडिलांना याच पट्ट्यात हद्दपार केले होते. ते परतले नाहीत. बुकोविनातल्या चेर्नाउत्सी शहराची झेल्मा मेअरबाउम-आइझिंगर ही कविता करणारी मुलगी मिखाइलोव्हका छावणीत अठराव्या वर्षी टायफसने गेली.

स्थानिक युक्रेनियन ज्यूंची गत याहून वाईट झाली. ऑक्टोबर १९४१मध्ये ओडेसा जिंकल्यावर रुमानियन लष्करी मुख्यालयात स्फोट झाला. त्याचा सूड म्हणून दर अधिकाऱ्यामागे २०० आणि दर सैनिकामागे १०० ‘कम्युनिस्ट’ मारण्याचा आदेश निघाला. प्रत्यक्षात हजारो ज्यूंना गोदामांत कोंडून जाळण्यात आले. डिसेंबरात बोग्दानोव्हका इथल्या सरकारी शेतावर ४०,०००हून अधिक जणांची कत्तल झाली. नाताळ आला म्हणून ती काही दिवस थांबली आणि सण आटोपल्यावर पुन्हा सुरू झाली.

ट्रान्सनिस्ट्रियातल्या वाप्न्यार्का छावणीचा एक तपशील विदर्भातल्या वाचकाला चटकन ओळखीचा वाटेल. १९४२च्या अखेरीस तिथल्या ज्यू कैद्यांना रोजचे अन्न म्हणून जनावरांच्या चाऱ्यातले वाटाण्यासारखे दाणे शिजवून देत. थोड्या आठवड्यांत शेकडो कैद्यांचे पाय लुळे पडले, लघवी अडू लागली. कैद्यांपैकीच एक असलेले चेर्नाउत्सीचे डॉक्टर आर्थर केस्लर यांनी हा लॅथिरिझम असल्याचे ओळखले. ते दाणे म्हणजे आपल्याकडची लाख किंवा लाखोळी डाळ. दुष्काळात सतत तीच खाऊन माणसे पांगळी होतात, हे पूर्व विदर्भात जुन्या पिढ्यांना माहीत होते आणि याच कारणाने तिच्या विक्रीवर दीर्घकाळ बंदी होती. केस्लर यांच्या आग्रहाने कैद्यांनी उपाशी राहून हे अन्न नाकारले आणि अखेर ते बंद झाले. पांगळेपण मात्र अनेकांना जन्मभर पुरले. कोणतेही शस्त्र न उगारता, नुसत्या शिध्याने माणसे कशी मोडता येतात, याचे इतके उघड उदाहरण क्वचितच सापडते.

काही जण आडवे आले. चेर्नाउत्सीचे महापौर त्रायान पोपोव्हिच यांनी शहर चालवायला ही माणसे आवश्यक आहेत, असे सांगून सुमारे २०,००० ज्यूंची हद्दपारी रोखली. ज्यू समाजाचे नेते विल्हेल्म फिल्डरमान एकामागून एक निवेदने देत राहिले. १९४३मध्ये त्यांनाच काही महिने ट्रान्सनिस्ट्रियात धाडण्यात आले. समुद्रमार्गे सुटकाही सोपी नव्हती. डिसेंबर १९४१मध्ये कॉन्स्टान्झा बंदरातून निघालेली स्ट्रूमा ही मोडकी बोट साडेसातशेहून अधिक ज्यूंना घेऊन इस्तंबूलला अडकून पडली. फेब्रुवारीत तिला ओढून काळ्या समुद्रात सोडण्यात आले आणि सोव्हिएत पाणबुडीच्या पाणतीराने ती बुडाली. एकच जण वाचला.

देशाच्या जुन्या भागातले ज्यू पोलंडमधल्या बेव्झेत्स या मृत्युछावणीत पाठवायला आंतोनेस्कूने १९४२मध्ये आधी होकार दिला होता. ऑक्टोबरात त्याने ते थांबवले. युद्धाचे पारडे फिरत होते आणि देशातून व बाहेरून दबाव येत होता. त्यामुळे किमान २,९०,००० ज्यू वाचले. हाच आकडा पुढे करून त्याला ‘ज्यूंचा तारणहार’ ठरवण्याचे प्रयत्न झाले. ते टिकत नाहीत, कारण ही सवलत देणारा आणि नीस्टरपलीकडे लाखोंना हाकलणारा माणूस एकच होता. (हंगेरीकडे गेलेल्या उत्तर ट्रान्सिल्व्हेनियातल्या १,३०,०००हून अधिक ज्यूंना १९४४मध्ये हंगेरीच्या प्रशासनाने ऑशविट्झला पाठवले. त्यांचा हिशेब वेगळा मांडला जातो.)

२३ ऑगस्ट १९४४ रोजी राजा मिहाय याने आंतोनेस्कूला अटक केली. मे १९४६मध्ये खटला चालला आणि १ जूनला झिलावा तुरुंगाच्या आवारात आंतोनेस्कू, आलेक्सियानु आणि आणखी दोघांना गोळ्या घालण्यात आल्या. वकील मातातियास कार्प यांनी युद्ध चालू असतानाच कागदपत्रे आणि छायाचित्रे गोळा केली होती. ती छापली गेली, पण कम्युनिस्ट राजवटीत लवकरच दिसेनाशी झाली. गुन्हा ‘हिटलरी फॅसिस्टांचा’ आणि मृत ‘देशभक्त’, अशी अधिकृत भाषा रूढ झाली. वाचलेले ज्यू हळूहळू इस्रायलला गेले. कित्येक वर्षे सरकार त्यांना जाऊ देण्याचे पैसे इस्रायलकडून माणशी घेत होते.

१९८९नंतर आंतोनेस्कू राष्ट्रवीर म्हणून परत आला. १९९१मध्ये संसदेने त्याच्यासाठी मौन पाळले, काही गावांत पुतळे उभे राहिले. देशाच्या सीमांत ज्यूंचा संहार झालाच नाही, असे सरकारने जून २००३मध्ये निवेदन काढले. त्यावर मोठा गदारोळ झाल्यावर राष्ट्राध्यक्ष योन इलिएस्कू यांनी मूळचे सिगेतचे, ऑशविट्झमधून वाचलेले लेखक एली विझेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आरंभी दिलेला आकडा त्याच आयोगाचा. सुमारे २५,००० रोमा (जिप्सी) लोकांची हद्दपारी आणि त्यांतल्या ११,००० जणांचा मृत्यू हेही त्याने नोंदवले. सरकारने अहवाल स्वीकारला. हद्दपारीच्या आरंभाची ९ ऑक्टोबर ही तारीख स्मृतिदिन ठरली, २००९मध्ये बुखारेस्टला स्मारक झाले आणि आता हा विषय शाळांतही शिकवला जातो.

अहवालानंतर सहा वर्षांनी, २०१०मध्ये, याशजवळच्या पोप्रिकान इथल्या जंगलात एक सामूहिक कबर उघडण्यात आली. तिच्यात ३६ जणांचे अवशेष निघाले, त्यांतली १२ मुले होती. सोबत मिळालेल्या गोळ्या रुमानियन लष्कराच्या होत्या. पुढच्या एप्रिलमध्ये हे अवशेष याशच्या ज्यू दफनभूमीत पुरण्यात आले. १९४१च्या मृतांच्या लांबलचक काँक्रीटच्या कबरी त्याच दफनभूमीत आहेत.