ग्रंथगप्पा : मुंबईतला परिपाठ

पाहुण्याला बोलावून त्याला घडवणाऱ्या पुस्तकांविषयी चारचौघांत केलेली बातचीत म्हणजे ग्रंथगप्पा. कार्यक्रमपत्रिकेवर हे नाव क्वचितच दिसते. तिथे ‘मला घडवणारी पुस्तके’, ‘माझे वाचन’ किंवा ‘पुस्तकांच्या सहवासात’ असे छापलेले असते. वाचनालये, महिला मंडळे, महाविद्यालयांची वाङ्मय मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ आणि अलीकडे मोठ्या गृहनिर्माण सोसायट्याही हा कार्यक्रम करतात. पाहुणा लेखक असलाच पाहिजे असे नाही. डॉक्टर, नट, सनदी अधिकारी, गिर्यारोहक, एखाद वेळी निवृत्त बेस्ट कंडक्टरही खुर्चीवर येतो, आणि बरेचदा त्याचाच कार्यक्रम जास्त रंगतो, कारण लेखकाला आपल्या वाचनाची आठवण सांगायची सवय झालेली असते. परीक्षणात पुस्तकाची बाजू मांडली जाते, प्रकट मुलाखतीत माणसाच्या कर्तृत्वाची. ग्रंथगप्पांत विचारायचे ते एवढेच, की हे पुस्तक या माणसाच्या घरात कोणत्या दाराने आले?

मुंबईला सभांची सवय जुनी. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांशी निगडित मराठी ज्ञानप्रसारक सभा १८४८ ची. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये निघाले, विलेपार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ मध्ये आणि गिरगावातला मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ मध्ये. या संस्थांचा मूळ पिंड मात्र व्याख्यानाचा. वक्ता उभा, श्रोते बसलेले, टेबलावर झाकण ठेवलेला पाण्याचा पेला. समोरासमोर दोन खुर्च्या मांडून बोलायची रीत रुळवली ती प्रामुख्याने नभोवाणीने आणि दूरचित्रवाणीने. मुंबई नभोवाणी केंद्र जुलै १९२७ मध्ये सुरू झाले, दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. दूरदर्शनवरच्या ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमाने साहित्यावरची बातचीत चाळीतल्या ज्या एका घरी टीव्ही होता तिथे जमलेल्या पंचवीस माणसांपुढे नेली. या प्रकाराचे परदेशी भावंड शोधायचे तर बीबीसीचा ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ आहे. १९४२ पासून चालत आलेल्या या कार्यक्रमात पाहुणा निर्जन बेटावर न्यायच्या आठ ध्वनिमुद्रिका निवडतो आणि सोबत एक पुस्तक. मुंबईच्या पाहुण्याला बेटाची कल्पना फारशी मानवत नाही. एकांतात वाचायला मिळाले, असे सांगणारे इथे थोडेच.

या शहरातल्या अशा आठवणींत सर्वांत वजनदार आठवण मात्र कुठल्या खुर्चीवर बसून सांगितलेली नाही, ती लिहिलेली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ मध्ये प्रस्तावना लिहिली. बुद्धाकडे आपण कसे वळलो हे सांगताना ते मुंबईतल्या एका सत्काराकडे जातात. शाळकरी भीमरावांच्या परीक्षेतील यशाबद्दल वस्तीतल्या लोकांनी सभा घेतली आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला केळुसकर आधीपासून ओळखत होते, असे चरित्रकार सांगतात. घरी वडील रामायण-महाभारत वाचून घेत. हे चरित्र वाचल्यावर मुलाला प्रश्न पडला, की वडिलांनी आपल्याला बौद्ध वाङ्मयाची ओळख का करून दिली नाही? आता गंमत पाहा. प्रस्तावनेत हा सत्कार इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाल्याबद्दलचा आहे, तर धनंजय कीरांच्या चरित्रात तो १९०७ च्या मॅट्रिकनंतरचा. इयत्तेबद्दल एकमत नाही. देणारा हात आणि दिलेले पुस्तक यांबद्दल मात्र आहे. ग्रंथगप्पांतल्या आठवणी बहुधा अशाच असतात. साल हुकते, मुखपृष्ठाचा रंग चुकतो, पण पुस्तक कुणी दिले हे कोणी विसरत नाही.

म्हणूनच मुंबईतल्या उत्तरांतून शहराचा नकाशा तयार होतो. दादर, गिरगाव, पार्ले इथल्या पाहुण्याचे पुस्तक वाचनालयातून आलेले असते, अनामत भरून, दर महिन्याची वर्गणी थकवत, मागच्या पानावर चिकटवलेल्या परतीच्या तारखांच्या चिठ्ठीसकट. गिरणगावातल्या पाहुण्याचे पुस्तक कामगार वस्तीतल्या मोफत वाचनालयातून येते. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी वाचनालये आणि रात्रशाळा चालवल्या, आणि पाळीवरून आलेला बाप पेपर वाचायला जाताना पोराला सोबत नेई, ही आठवण परळ-लालबागच्या पाहुण्यांकडून पुन्हा पुन्हा ऐकू येते. कॉलेजच्या वयातली पुस्तके फाउंटनच्या फुटपाथवरची किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलची. ‘लोकवाङ्मय गृह’ या प्रकाशनसंस्थेकडून स्वस्तात मिळणाऱ्या सोव्हिएत पुस्तकांचा गुळगुळीत कागद आणि त्यांचा वास यांवर तर एक पिढी अजून हळवी होते. आणि ज्यांच्या वाट्याला यातले काहीच आले नाही, ते वाण्याच्या पुडीचा कागद उलगडून वाचल्याचे सांगतात. साखर डब्यात ओतली, कागद हातात राहिला, गोष्ट अर्ध्यावर तुटली. पुढचे काय झाले ते कळावे म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात पुन्हा पावशेर साखर आणायला जाणारे पोर हे या गप्पांमधले ठरलेले पात्र आहे. सगळ्यांचे खरे असेल असे नाही, पण टाळी हमखास मिळते.

बायकांच्या आठवणी वेगळ्या घाटाच्या. त्यांत पुस्तक सापडण्यापेक्षा वाचायला वेळ सापडण्याची गोष्ट मोठी असते. कुकरच्या तीन शिट्ट्या होईतो चार पाने, दुपारी सासूबाई पडल्यावर वीस पाने, आणि ८.१२ च्या बायकांच्या डब्यात खिडकी मिळाली तर एक अख्खे प्रकरण. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे नाव अशा गप्पांत निघाले की सभागृहातल्या पाच-सहा जणी पुढचे वाक्य मनातल्या मनात म्हणत असतात, हे त्यांच्या ओठांवरून दिसते.

उत्तरांचा तोचतोपणा हा या प्रकाराचा जुना दोष. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ‘श्यामची आई’ इतक्या पाहुण्यांनी सांगितले आहे, की काही आयोजक आधीच दबक्या आवाजात सुचवतात, ‘सर, ते सोडून दुसरे एखादे.’ ही सूचना चुकीची आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. पुस्तक तेच असले तरी ते वाचून कोण रडले आणि कोण आईवर चिडले, हे दर वेळी वेगळे निघते. खरा कंटाळा येतो तो शोभेच्या यादीचा. ज्ञानेश्वरीपासून सुरुवात करून दोन रशियन, एक फ्रेंच आणि शेवटी एक व्यवस्थापनशास्त्र अशी यादी घेऊन येणाऱ्या पाहुण्याला त्यातले एकही दृश्य सांगता येत नाही, आणि ते मागच्या रांगेतल्या माणसालाही कळते. उलट दया पवारांच्या ‘बलुतं’ या आत्मकथनाविषयी (१९७८) बोलताना नागपाड्याच्या कावाखान्याचे नाव येते आणि श्रोत्यांतला कुणी ‘मी तिथलाच’ म्हणून हात वर करतो, तेव्हा मुलाखतकाराने गप्प बसायचे असते.

हे गप्प बसणे अवघड. मुंबईत अनेक मुलाखतकार दोन कार्यक्रमांत हात साफ करून तिसऱ्यात पाहुण्यापेक्षा जास्त बोलू लागतात. जाणकार मुलाखतकार पाहुण्याला फोनवर एकच विनंती करतात, ‘येताना ते पुस्तक घेऊन या, तुमचीच प्रत.’ प्रत हातात आली की काम सोपे होते. वर्तमानपत्राचे कव्हर, आत कुणाचे तरी नाव खोडून लिहिलेले दुसरे नाव, सदतिसाव्या पानावर तेलाचा डाग, आणि एखाद वेळी वाचनालयाचा जांभळा शिक्का व दाखल क्रमांक. शिक्का दिसला की पाहुणा ओशाळतो, सभागृह हसते, आणि न परत केलेल्या पुस्तकाची कथा सुरू होते, जी तयारीच्या टिपणात कुठेच नसते. ‘या पुस्तकाने तुम्हाला काय दिले?’ या प्रश्नाला भाषण मिळते. ‘हे नाव कुणी खोडले?’ या प्रश्नाला गोष्ट.

कार्यक्रमाचा साचा साधा आहे. शनिवारी किंवा रविवारी संध्याकाळी साडेपाच-सहाची वेळ. रविवारी मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते पाहूनच शहाणा आयोजक तारीख पक्की करतो, नाहीतर डोंबिवलीचा पाहुणा कुर्ल्यात अडकतो आणि प्रास्ताविक पाऊण तास चालते. स्वागताला पूर्वी शाल-श्रीफळ असे, आता पुस्तकच देतात, बहुधा पाहुण्याकडे आधीपासून असलेले. शेवटची वीस मिनिटे प्रश्नोत्तरांची. लांबण नको म्हणून पुष्कळ ठिकाणी चिठ्ठ्या घेतात. पाहुणा वेळेचे भान सोडून बालपणातच रमला तर साडेसातला तो चौथीत असतो आणि घड्याळाकडे पाहत कार्यवाह आभाराला उभे राहतात. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन या दोन तारखांना मागणी इतकी, की चांगला पाहुणा दोन-तीन महिने आधी सांगून ठेवावा लागतो.

टाळेबंदीच्या काळात या गप्पा पडद्यावर गेल्या आणि काही तिथेच राहिल्या. पॉडकास्टमध्ये पाहुणा मोकळा बोलतो, तासाची मर्यादा नसते, आणि ठाण्याच्या पलीकडचा श्रोताही मिळतो. पण हातातले पुस्तक दिसत नाही, पानांचा आवाज माइकवाला काढून टाकतो, आणि ‘मी तिथलाच’ म्हणणारा हात वर येत नाही. त्या जागी खिडकीबाहेरची गाडीची घोषणा तेवढी ध्वनिमुद्रणात शिरते.

काही वाचनालयांत ग्रंथपाल श्रोत्यांतच वही घेऊन बसतात आणि पाहुण्याने घेतलेली नावे टिपतात. दुसऱ्या दिवशी कपाटात असलेली तेवढी पुस्तके काउंटरवर वेगळी काढून ठेवतात. सकाळी वाचनालय उघडल्यावर पहिली विचारणा बहुतेक वेळा त्या पुस्तकाची होते जे पाहुण्याने नाव न आठवता नुसते सांगितले होते : ‘ते हो, त्यात शेवटी विहिरीचं काहीतरी आहे.’