रेडमधला ‘आय’

जळगावच्या सराफ बाजारात ‘रेड’ म्हटलं की लोक दचकतात. गोलाणी मार्केटमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच साठा म्हणून वापरणं; तिथे त्याच शब्दावर दुकानदार डिस्कचे भाव सांगू लागतो. भावाचा हा प्रश्न एकेकाळी रेडच्या नावातच होता.

१९८८ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या तिघांनी निबंध मांडला. मेनफ्रेमच्या, म्हणजे कंपन्यांच्या अवाढव्य संगणकांच्या, साडेसात जीबीच्या महागड्या डिस्कऐवजी पीसीच्या शंभर-शंभर एमबीच्या डिस्क जोडून वापरा, असं त्यांचं म्हणणं. खोटही त्यांनीच दाखवली. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असं धरलं, तर शंभरांच्या जुडीतली एखादी ३०० तासांत, म्हणजे पंधरवड्याच्या आत, उडणार. म्हणून जादा माहिती ठेवायची. नावातला ‘आर’, रिडंडंट, तो हा. ‘आय’ होता इनएक्स्पेन्सिव्हचा, स्वस्तचा. पुढे या धंद्याने त्याचा इंडिपेंडंट, म्हणजे स्वतंत्र, करून टाकला. डिस्कची लाखांची कपाटं विकताना पाटीवर ‘स्वस्त’ कोण लिहील? घरच्या गिऱ्हाइकाला मात्र जुनाच अर्थ लागू पडतो.

दुसरा घोळ शून्याचा. मूळ निबंधात पातळ्या, म्हणजे डिस्क जोडायच्या पद्धती, १ ते ५. शून्य नंतर चिकटलं आणि त्यात ‘आर’च नाही: माहितीचे तुकडे डिस्कवर वाटून टाकायचे, नुसता वेग. मदरबोर्डवरच रेडची सोय येऊ लागली, तसं लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी ते शून्य उचललं. ओळखीतल्या एका स्टुडिओत ऐन मे महिन्यात बोर्ड जळाला. दोन्ही डिस्क धडधाकट, पण दुसऱ्या कंपनीच्या बोर्डाला मांडणीच ओळखता येईना. दोन लग्नांच्या हळदी गेल्या त्या गेल्याच.

रेड ५ चं दुखणं वेगळं. त्यात डेटासोबत पॅरिटी, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचं पुन्हा काढून देणारा हिशेब, लिहितात. डेटा लिहून झाला, पॅरिटी लिहायची राहिली आणि तेवढ्यात वीज गेली, तर दोन्हींचा मेळ बसत नाही. भारनियमनाची वर्षं काढलेल्या खान्देशात हे समजावून सांगावं लागत नाही. शिवाय घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात साधारण साडेबारा टीबी वाचताना एखादी जागा वाचताच न येण्याची एक चूक धरलेली असते. चार टीबीच्या चार डिस्कमधली एक गेली, तर रीबिल्डसाठी, म्हणजे नव्या डिस्कवर ती पुन्हा उभी करायला, उरलेल्या तिन्ही मिळून बारा टीबी वाचायचे, म्हणजे त्या आकड्याच्या जवळच. हा आकडा कंपनीने धरलेली कमाल मर्यादा आहे, उगाच भीती घालू नका, असं म्हणणारेही आहेत आणि ते अगदीच चूक नाहीत. तरी घरी दोन डिस्कचं मिररिंग, म्हणजे दोन्हींवर तीच माहिती, बरं, तेही लिनक्सच्या एमडीएडीएम या रेड चालवणाऱ्या प्रोग्रामवर: बोर्ड गेला तरी डिस्क काढून दुसऱ्या लिनक्स मशिनला लावता येते.

२०२० मध्ये नवीनच भानगड उघडी पडली. नॅससाठी, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणुकीच्या पेटीसाठी, म्हणून विकलेल्या काही डिस्कमध्ये एकावर एक चढवलेल्या ट्रॅकचं, एसएमआर पद्धतीचं रेकॉर्डिंग निघालं, रीबिल्ड रखडायचं. खोक्यावर त्याचा उल्लेख नव्हता. तेव्हापासून गोलाणीत काउंटरवर उभं राहून मोबाइलवर मॉडेल नंबर टाकायचा, एसएमआर की ट्रॅक एकमेकांवर न चढवणारी सीएमआर ते बघायचं आणि मगच पैसे द्यायचे.