अन्नाच्या ॲलर्जीसाठी शाळेत सवलतींचा अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि दाद मागण्याची पद्धत (नाशिक)

शेंगदाणा, दूध, अंडे किंवा गहू यांची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाचे पालक बहुधा पहिली चौकशी यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) करतात आणि त्यातच त्यांचा बराच वेळ जातो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आहेत. अन्नाची ॲलर्जी नाही. त्यामुळे केवळ ॲलर्जीसाठी जिल्हा रुग्णालयाकडून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळत नाही. मुलाला अनुसूचीतील दुसरे एखादे दिव्यांगत्वही असेल, तर त्यासाठी ‘स्वावलंबन’ या दिव्यांगत्व प्रमाणपत्राच्या सरकारी पोर्टलवर वेगळा अर्ज करावा. अमेरिकेतील शाळांत विद्यार्थ्याच्या सवलतींसाठी केल्या जाणाऱ्या ‘५०४ योजने’चा नमुना छापून मुख्याध्यापकांपुढे ठेवण्याचाही उपयोग होत नाही, ती तिकडच्या १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातली तरतूद आहे.

मात्र कार्ड नाही म्हणजे हक्कच नाही, असे समजू नये. याच अधिनियमातील ‘दिव्यांग व्यक्ती’ची व्याख्या अनुसूचीपेक्षा व्यापक असून, दीर्घकालीन शारीरिक दोषामुळे आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे ज्याला इतरांच्या बरोबरीने सहभागी होता येत नाही, अशा व्यक्तीचा तिच्यात विचार केलेला आहे. कलम १६ नुसार शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोय करावी, असे अपेक्षित आहे. ४० टक्के दिव्यांगत्वाची अट अशा सोयीच्या आड येऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात २०२१ मध्ये स्पष्ट केले. तो निकाल परीक्षेत उत्तरे लिहून देणाऱ्या लेखनिकाबाबतचा होता, ॲलर्जीबाबतचा नव्हे. म्हणून अर्जात त्याचा उल्लेख एका ओळीत करावा आणि भर मुलाच्या नेमक्या गरजांवर ठेवावा. ‘आमचे मूल दिव्यांग आहे की नाही’ या वादात शिरलेला अर्ज शाळेच्या टेबलावरच पडून राहतो, असे माझे मत आहे.

अर्जाला आधार हवा तो डॉक्टरांच्या निदानाचा. दूध पचत नाही म्हणून पोट फुगणे वेगळे आणि दुधाच्या घोटाने ओठ सुजून श्वास लागणे वेगळे. आणीबाणीच्या औषधाची सोय मागायची ती दुसऱ्या प्रकारासाठी. त्वचेवरील चाचणी किंवा रक्तातील आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) चाचणी सकारात्मक आली एवढ्यावर निदान पक्के होत नाही, म्हणून प्रमाणपत्रात पूर्वी काय खाल्ल्यावर काय झाले, याची नोंद असावी.

सोबत जोडायची कागदपत्रे थोडीच आहेत : बालरोगतज्ज्ञ किंवा ॲलर्जीतज्ज्ञांचे नोंदणी क्रमांकासह प्रमाणपत्र, चाचणीच्या अहवालाची प्रत, मुलाचे छायाचित्र, पालकांचे संमतिपत्र आणि आणीबाणीचा आराखडा. यांपैकी आराखड्यावर वेळ खर्च करावा, कारण प्रसंगी शिक्षिका वाचणार आहेत तो हाच कागद. तो एका पानाचा, मराठीत आणि ठळक अक्षरांत असावा. अंगावर गांधी उठल्यास काय द्यायचे, आवाज घोगरा झाला, श्वास लागला किंवा मूल मलूल पडले तर काय करायचे, हे वेगवेगळे लिहावे. यांपैकी आवाज, श्वास किंवा मलूलपणाची लक्षणे दिसल्यास मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत ॲड्रेनॅलिन देणे हा पहिला उपचार आहे; गोळी देऊन वाट पाहणे नव्हे. हे इंजेक्शन शाळेत कोण देणार आणि त्यांना कोणी शिकवले, हे नावानिशी लिहावे. आपल्याकडे ऑटो-इंजेक्टर (ठरलेली मात्रा आधीच भरलेले तयार इंजेक्शन) सहज मिळत नसल्यामुळे डॉक्टर बहुधा ॲम्प्यूल (औषधाची बंद काचेची कुपी) आणि सिरिंज देतात, आणि तसे असल्यास मात्रा मिलिलिटरमध्ये लिहून घ्यावी. त्याखाली १०८ क्रमांक आणि शाळेपासून सर्वांत जवळच्या रुग्णालयाचे नाव असावे. सिडकोतल्या मुलाला नाशिकरोडचे नाव लिहून उपयोग नाही.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे करावा. ‘काळजी घ्यावी’ असे मोघम न लिहिता मागण्या मोजक्या आणि करता येण्याजोग्या ठेवाव्यात. उदाहरणार्थ, औषध कुलूपबंद कपाटात नव्हे तर वर्गाजवळ असावे. वर्गात वाढदिवसाचा किंवा २६ जानेवारीचा खाऊ वाटण्याआधी पालकांना कळवावे. सहलीत औषध सोबतच्या शिक्षकांकडे असावे. मुलाला डबा खाताना वर्गाबाहेर बसवू नये. संक्रांतीच्या तिळगुळाच्या वडीत दाण्याचा कूट असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही, एवढे एक वाक्य अर्जात असले तरी शिक्षकांच्या चटकन लक्षात येते. पाकीटबंद खाऊबाबत सोय अशी की, २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार शेंगदाणा, दूध, अंडे, मासे, सोया, ग्लूटेनयुक्त धान्ये इत्यादींचा उल्लेख वेष्टनावर असावा लागतो. सुट्या चिवड्याला हा आधार नसतो. पहिली ते आठवीच्या शालेय पोषण आहाराचा लाभ घेणाऱ्या मुलाबाबत अर्जाची एक प्रत अन्न शिजवणाऱ्यांपर्यंत पोहोचावी, अशी मागणीही लिहावी.

अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय शाळेतून निघू नये. तोंडी आश्वासन कितीही प्रेमळ असले तरी वर्गशिक्षिका बदलल्या की ते संपते.

शाळेने दाद दिली नाही, तर महापालिका हद्दीत महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे आणि ग्रामीण भागात जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे (प्राथमिक) लेखी तक्रार करावी. सहा ते चौदा वर्षांच्या मुलासाठी शिक्षण हक्क कायद्याचे कलम ३२ नमूद करावे. त्यानुसार स्थानिक प्राधिकरणाने म्हणणे ऐकून घेऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. ॲलर्जीमुळे प्रवेश नाकारला किंवा दाखला काढून नेण्यास सांगितले, तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही जाता येते, मात्र तिथे वर सांगितलेली व्याख्या आणि २०२१ चा निकाल सविस्तर मांडावा लागेल. दहावीच्या परीक्षा केंद्रावर औषध जवळ ठेवायचे असेल, तर शाळेमार्फत मंडळाकडे वेळेत विनंती करावी.

ॲड्रेनॅलिनची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते आणि ॲम्प्यूलला मुदत असते, त्यामुळे जूनमध्ये शाळा सुरू होताना नवा आराखडा द्यावा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेतल्या ॲम्प्यूलवरील तारीख स्वतः जाऊन पाहावी.