मान वाकडी झाली ती देवचारामुळे नव्हे

मानसिक आजाराच्या गोळ्या सुरू केल्या आणि तिसऱ्या दिवशी मान वाकडी, डोळे वर! तळकोकणात याचा अर्थ ठरलेला: देवचार कोपला, गाऱ्हाणं घाला. गाऱ्हाणं जरूर घाला, पण आधी रिक्षा बोलवा.

हॅलोपेरिडॉलसारखी औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं काम अडवतात. त्यामुळे स्नायू आखडू शकतात. बहुधा पहिल्या काही दिवसांत, तरुण पुरुषांत जास्त. जबडा अडकतो, जीभ बाहेर येते. प्रोमेथाझिनचं इंजेक्शन मिळालं की बहुतेकदा अर्ध्या तासात मान सरळ. कधी ती आपोआपही सुटते, आणि श्रेय मांत्रिकाला जातं.

याच औषधांची जास्त फसवी खूण वेगळीच. रुग्णाला एका जागी बसवत नाही, पडवीत येरझाऱ्या सुरू. ‘वेड वाढलं’ म्हणून घरचे जादा गोळी देतात आणि तगमग आणखी वाढते. त्यालाच विचारा: मनात भीती आहे, की पाय स्वस्थ राहत नाहीत? पायांचं म्हणाला, तर डॉक्टरांना कळवा. डोस किंवा औषध बदलता येतं. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

अंग ताठ, सोबत ताप, घाम आणि बरळणं असेल, तर ‘ऊन लागलं’ म्हणून कोकम सरबत पाजत बसू नका. थेट मोठं इस्पितळ गाठा, रात्र असली तरी.