व्हिसावरची तारीख आणि आय-९४वरची तारीख

अमेरिकेत लेकीकडे किंवा मुलाकडे निघालेल्या आई-बाबांच्या पासपोर्टवर बी-१/बी-२ हा पर्यटक व्हिसा असतो आणि त्यावर तब्बल दहा वर्षांनंतरची तारीख छापलेली असते. ती बघून घरात बेत ठरू लागतात : आधी बाळंतपण, मग बारसं, दिवाळी तिकडेच, वर्षभर राहूनच येऊ. हे बेत भलत्याच तारखेवर बेतलेले असतात. तिथे किती दिवस राहता येईल हे व्हिसावर लिहिलेलंच नसतं. ते आय-९४ नावाच्या नोंदीत असतं, आणि ही नोंद तयार होते अमेरिकेत पाऊल ठेवल्यावर.

व्हिसा देतो अमेरिकेचा परराष्ट्र विभाग. महाराष्ट्रातल्या बहुतेकांसाठी म्हणजे मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातलं त्यांचं वकिलातीचं कार्यालय. त्या तारखेपर्यंत तुम्ही अमेरिकेच्या विमानतळावर जाऊन प्रवेश मागू शकता, एवढाच व्हिसाचा अर्थ. आत घ्यायचं का आणि कधीपर्यंत, हे ठरवतो तिथला सीबीपीचा, म्हणजे सीमेवरच्या खात्याचा अधिकारी. पर्यटक म्हणून गेलेल्यांना साधारणपणे सहा महिने मिळतात. विमानाने येणाऱ्यांना २०१३ पासून आय-९४चं कागदी कार्ड देणं बंद झालं आहे. सीबीपीच्या संकेतस्थळावर पासपोर्टचा तपशील भरून ती आपणच डाउनलोड करायची. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी हे काम मुलांनी करून टाकावं आणि नाव, व्हिसाचा वर्ग, मुदत असं सगळं नीट वाचावं. अधिकाऱ्याकडून नोंदीत चूक झाली असेल तर ती सीबीपीच्याच ‘डिफर्ड इन्स्पेक्शन’ कार्यालयात दुरुस्त करून मिळते.

आय-९४ची मुदत ओलांडली की तो दहा वर्षांचा व्हिसा कायद्यानेच बाद होतो. बेकायदा मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त झाला आणि मग देश सोडला, तर तीन वर्षं परत जाता येत नाही. वर्षभर किंवा त्याहून जास्त झाला, तर दहा वर्षं. नातवंडं तिकडे आहेत अशा आजी-आजोबांसाठी ही फार मोठी किंमत आहे. खरोखरच जास्त राहण्याची गरज असेल, आजारपण असेल, तर मुदत संपण्याच्या आत आय-५३९ हा मुक्काम वाढवून मागण्याचा अर्ज करता येतो.

नोकरीवाल्यांच्या घरात गोंधळ नेमका उलटा असतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करणाऱ्याच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपतो आणि घरी काळजी सुरू होते की आता नोकरी बेकायदा ठरणार का. ठरत नाही. आय-९४ चालू आहे आणि काम ज्या कंपनीच्या मंजुरीवर आहे तिथेच सुरू आहे, तर संपलेल्या व्हिसाने काही बिघडत नाही. देशाबाहेर जाऊन परत यायचं असेल तेव्हा मात्र नवं स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा लागतो. कॅनडा किंवा मेक्सिकोची तीस दिवसांच्या आतली फेरी याला बऱ्याचदा अपवाद असते, पण तिथे जाऊन नव्या व्हिसाचा अर्ज केला की ती सवलत गेली.

जाणत्या माणसांनाही चकवणारी एक गोष्ट इथेच आहे. कंपनीने मुदतवाढ घेतली की आय-७९७ हे मंजुरीपत्र येतं आणि त्याच्या तळाशी नवी आय-९४ असते. समजा ती तीन वर्षांची आहे. मग माणूस भारतात येऊन जातो. परत उतरताना पासपोर्टची मुदत आठच महिने उरलेली असेल, तर अधिकारी नवी आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देऊ शकतो. सर्वसाधारणपणे नंतर मिळालेली नोंद आधीच्या नोंदीला मागे टाकते. मंजुरीपत्रावर तीन वर्षं दिसत राहतात आणि खरी मुदत आठ महिन्यांत संपून जाते. म्हणून पासपोर्टचं नूतनीकरण प्रवासाआधी करावं, असं मी आग्रहाने सांगेन, आणि प्रत्येक प्रवासानंतरची आय-९४ कंपनीच्या वकिलाला पाठवावी. तुम्ही कळवलं नाही तर त्याच्याकडे जुनीच तारीख राहते.

विद्यार्थ्यांच्या आय-९४वर वर्षानुवर्षं तारखेऐवजी ‘डी/एस’ ही अक्षरं येत आली आहेत : शिक्षण नियमाप्रमाणे चालू आहे तोवर मुक्काम वैध. ही पद्धत बदलून ठरावीक मुदत देण्याचा प्रस्ताव सरकारने २०२५ मध्ये मांडला, त्यामुळे सध्याची स्थिती विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारावी.

आता वकिलाचं. प्रश्न व्हिसाचा की मुक्कामाचा, यावर वकिलाचा उपयोग किती हे ठरतं. पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसा २१४(बी) या कलमाखाली, म्हणजे तुम्ही परत याल हे अधिकाऱ्याला पटलं नाही म्हणून नाकारला, तर त्यावर अपील नाही. पुन्हा अर्ज करायचा. वकिलातीच्या निर्णयांत न्यायालयं सहसा पडत नाहीत, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मुन्योस खटल्यात हीच भूमिका कायम ठेवली. त्यामुळे ‘व्हिसाची गॅरंटी’ देणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नये. तो अर्ज भरून देईल, पण त्यातल्या मजकुराची जबाबदारी तुमची असते. महत्त्वाची बाब जाणूनबुजून खोटी लिहिली, तर व्हिसाचं दार कायमचं बंद होऊ शकतं.

मुक्कामाच्या प्रश्नात मात्र वकिलावर केलेला खर्च सार्थकी लागतो. इमिग्रेशन कायदा संघराज्याचा असल्याने टेक्सासमधल्या माणसाला न्यू जर्सीची सनद असलेला वकील चालतो. ती सनद त्या राज्याच्या बार असोसिएशनच्या किंवा न्यायालयाच्या संकेतस्थळावर तपासता येते. एआयएलए या इमिग्रेशन वकिलांच्या संघटनेची शोधयादी सुरुवातीला बरी पडते. फी झेपत नसेल, तर न्याय विभागाने मान्यता दिलेल्या संस्थांचे प्रतिनिधी कमी पैशांत किंवा फुकट मदत करतात. तुमच्या वतीने काम करणारा वकील जी-२८ हा, मी यांचा वकील आहे असं सरकारला कळवणारा फॉर्म भरतो. तो भरायला जो तयार नाही, त्याच्यापासून लांब राहावं.

कंपनीचा वकील कितीही सज्जन असला तरी एच-१बीची याचिका कंपनीची असते. नोकरी गेली की तुमच्या हाती जास्तीत जास्त साठ दिवस उरतात, आणि आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. अशा वेळी स्वतःचा वकील त्याच आठवड्यात गाठावा. जाताना पासपोर्टची सगळी पानं, आजवरची प्रत्येक आय-९४ आणि सगळी आय-७९७ पत्रं सोबत न्यावीत, आणि फीचा करार लेखी घेऊन पहिला प्रश्न विचारावा : माझी आजची मुदत यांतल्या कोणत्या कागदावरून ठरते?