इंग्रजी व्याकरण व वाक्यलेखन, प्रौढांसाठी

नोकरी किंवा कामधंदा सांभाळून शिकणाऱ्या प्रौढांना इंग्रजीचे प्राथमिक व्याकरण आणि वाक्यलेखन शिकविण्याची प्रथा. इंग्रजी ही मातृभाषा असूनही ज्यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले ते, आणि इंग्रजी परभाषा म्हणून शिकणारे, असे दोन्ही वर्ग तीत येतात. दोघांच्या चुका एका जातीच्या नसतात. जुन्या पुस्तकांत मात्र हा भेद फारसा पाळलेला दिसत नाही.

उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, लंडनमध्ये आश्रयाला आलेल्या फ्रेंच प्रॉटेस्टंटांपर्यंत नेतात. त्यांच्यासाठी झाक बेलो याने १५८० मध्ये इंग्रजीचे पाठ्यपुस्तक काढले आणि १५८६ मध्ये नित्य व्यवहारातील संवादांचे पुस्तक छापले. त्यात इंग्रजी, फ्रेंच आणि उच्चारानुसारी लेखन असे तीन स्तंभ होते. याच १५८६ साली विल्यम बुलोकरचे व्याकरणही निघाले. ते इंग्रजीचे पहिले व्याकरण मानले जाते, पण त्याचा साचा लॅटिनचा आहे. बेलोने शिकणाऱ्याच्या हाती तयार वाक्ये दिली. वाक्य घडवायला शिकविले असे म्हणणे कठीण. त्यामुळे लेखनापुरता आरंभ विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराच्या १८१८ च्या व्याकरणापासून धरणे अधिक सयुक्तिक ठरते. मुलाला लिहिलेल्या पत्रांच्या स्वरूपातील हे पुस्तक सैनिक, खलाशी, उमेदवार कामगार आणि नांगरधरी पोरे यांच्यासाठी असल्याचे मुखपृष्ठावरच नमूद आहे. कॉबेट स्वतः साधा शिपाई असताना रॉबर्ट लोथचे व्याकरण (१७६२) उतरून काढून पाठ करी आणि पहाऱ्यावर उभ्या-उभ्या म्हणे. १८२३ च्या आवृत्तीत त्याने मुत्सद्द्यांच्या अशुद्ध इंग्रजीवर सहा धडे जोडले. शुद्ध भाषा ही वरच्या वर्गाची मिरास नव्हे, हा त्यामागचा टोला उघड आहे.

अशा कष्टकऱ्यांच्या शिक्षणासाठी पुढे संस्थाही निघाल्या : १८२३ मध्ये लंडनला यंत्रकारागिरांची संस्था आणि १८५४ मध्ये श्रमिकांचे महाविद्यालय स्थापन झाले.

व्याकरणाने लेखन सुधारते का, हा या विषयातील खरा वाद. एकोणिसाव्या शतकात पदपरिस्फोटावर, म्हणजे वाक्यातील एकेका शब्दाची जात, लिंग, वचन, विभक्ती इत्यादी सांगण्यावर, भर होता. अमेरिकेत १८७७ मध्ये रीड आणि केलॉग यांनी वाक्याची आकृती काढण्याची रीत रूढ केली. आडव्या रेषेवर कर्ता व क्रियापद, त्यांना छेदणारी उभी रेघ आणि खाली तिरप्या रेघांवर विशेषणे. ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांनी लेखन-अध्यापनावरील संशोधनाचा आढावा घेणाऱ्या १९६३ च्या अहवालात मात्र औपचारिक व्याकरणाचा लेखनावरील परिणाम नगण्य, किंबहुना प्रत्यक्ष लेखनाचा वेळ खात असल्याने घातक ठरविला. पुढे मेलन (१९६९) आणि ओहेअर (१९७३) यांनी वाक्यजोडणीचे, म्हणजे सुटी छोटी वाक्ये एकत्र करून एक वाक्य घडविण्याचे, प्रयोग केले. मेलनने रूपांतरणात्मक व्याकरणाची, म्हणजे एका रचनेतून दुसरी कशी बनते याचे नियम मांडणाऱ्या व्याकरणाची, परिभाषा वापरली. ओहेअरने ती वगळूनही फळ मिळते असे दाखविले. दोन्ही प्रयोग बारा-तेरा वर्षांच्या मुलांवरचे होते, त्यामुळे त्यांचे निष्कर्ष प्रौढांना जसेच्या तसे लावताना सावधगिरी हवी. आपण लिहितो ते चूक का, हे प्रौढ विचारतो. त्याला थोडी परिभाषा द्यावीच लागते.

वाक्यजोडणीचा नमुना असा : ‘द मशीन स्टॉप्ड. द बेल्ट वॉज लूज.’ ही दोन वाक्ये ‘बिकॉज’ने जोडायची. पुष्कळदा पहिल्या खेपेस मध्ये नुसता स्वल्पविराम येतो, किंवा ‘बिकॉज द बेल्ट वॉज लूज’ एवढेच गौणवाक्य पूर्णविराम देऊन सुटे ठेवले जाते. बोलताना ते चालून जाते, कामाच्या अहवालात नाही. मराठीभाषकाला आणखी दोन अडचणी : क्रियापद कर्माच्या आधी आणणे, आणि मराठीत नसलेली उपपदे, ‘अ’ व ‘द’, योग्य जागी घालणे. पैकी पहिली लवकर सुटते, दुसरी वर्षानुवर्षे रेंगाळते.

अशा चुका निष्काळजीपणाच्या नसून त्यांमागे तर्क असतो, हे मिना शॉनेसी यांनी १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठातील सुमारे ४,००० प्रवेश-निबंधांच्या आधारे मांडले. प्रौढवर्गांत चुकीवर लाल रेघ ओढण्याऐवजी तिचे कारण शोधण्याची पद्धत बव्हंशी त्यांच्या विवेचनावर उभी आहे.

पातळी ठरविण्यासाठी युरोपीय भाषाचौकट (२००१) वापरतात. तिच्या ‘ए२’ या, सहांपैकी खालून दुसऱ्या, पायरीवर ‘अँड’, ‘बट’ व ‘बिकॉज’ने जोडलेली साधी वाक्ये लिहिता येणे अपेक्षित आहे.