मिक्सरची तक्रार आणि पोलिसांची तक्रार

नाशिकच्या कॉलेज रोडवरून घेतलेला मिक्सर आठवड्यात बंद पडला तर काय करायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बिल दाखवायचं, नाही ऐकलं तर नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोग. मुदत 2 वर्षं.

वैताग येतो तो हाच हिशेब पोलीस ठाण्यात मांडला जातो तेव्हा. ‘आम्ही टॅक्स भरतो, तुमचा पगार आमच्या पैशातून होतो’ असं सुनावून लोक घरी येतात, ठाण्याला गूगलवर एक स्टार देतात आणि तक्रार झाली असं धरून चालतात. कर म्हणजे सेवेची किंमत नव्हे. एफआयआर घेतला नाही म्हणून ग्राहक आयोगात जाता येत नाही. मालक सरकार आहे का, हा मुद्दाच नाही. महावितरण सरकारी आहे, पण विजेचे पैसे युनिटप्रमाणे मोजतो, म्हणून तिथे आपण ग्राहक. एसटीच्या तिकिटाचंही तेच.

आणि पोलिसांपुढे आपण ग्राहक नाही, हे मला चांगलंच वाटतं. दुकानात जास्त खर्च करणाऱ्याला आधी खुर्ची मिळते. ठाण्यात गंगापूर रोडचा बिल्डर आणि पंचवटीतली भाजीवाली यांचा हक्क सारखाच. एक रुपया आयकर न भरणाऱ्याचाही तेवढाच. म्हणून पगाराचं बोलणं सोडा, कायद्याचं बोला. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती दिल्यावर, मोजके अपवाद सोडता, एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात हे स्पष्ट केलं. ठाण्याने नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे तीच माहिती लेखी, पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवा. तिथेही दाद नाही मिळाली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. नाशिककर इथे पत्ता चुकवतात: शहरासाठी पोलीस आयुक्तालय, पण सिन्नर, निफाड, इगतपुरीसाठी ग्रामीणचे पोलीस अधीक्षक.

पोलिसाने लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 वर फोन. कोठडीत जबर मारहाण किंवा बेकायदा अटक झाली तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे.

सरकारी कार्यालयातल्या दाखल्यांसाठी 2015 चा लोकसेवा हक्क कायदा. अधिसूचित, म्हणजे सरकारने या कायद्याखाली जाहीर केलेल्या, सेवेची मुदत टळली की अपील करायचं. अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. तो तुमच्या खिशात येत नाही, पण त्याच्या खिशातून जातो. त्यासाठी अर्जाच्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक लागतो. तो घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.